दोघांना दिलेली एक खाट

उमरग्याच्या कॉलेजात शिवप्रिया पॅरलल प्रोग्रॅमिंग शिकवायची. संगणकानं अनेक कामं एकाच वेळी कशी करायची, ती विद्या. पोरांच्या डोक्यावरून गेलं की दोघांना फळ्यापाशी बोलवायची. ‘एक जागा शिल्लक’ हे दोघांनी एकदम वाचायचं आणि नाव लिहायला धावायचं. धक्काबुक्की व्हायची, वर्ग खिदळायचा. “पहिल्याचं लिहून होईस्तोवर दुसऱ्याला वाचूच द्यायचं नाही,” ती बजावायची.

तिच्याच वर्गातल्या कृष्णराजनं प्रकल्प म्हणून हायवेलगतच्या एका दवाखान्यासाठी खाटा राखून ठेवायचा प्रोग्रॅम केला. शिवप्रियानं तो स्वतः चालवून पाहिला आणि त्याची पाठ थोपटली.

एका दुपारी तिच्या वडलांच्या, उमाशंकरअप्पांच्या छातीत कळ आली. रिक्षातूनच तिनं मोबाइलवर त्याच प्रोग्रॅममधून खाट धरली. ‘अतिदक्षता, खाट चार, निश्चित.’ तिच्या जिवात जीव आला.

दवाखान्यात गेली तर खाट चारवर माकणीच्या प्रेमाबाई, नाकाला नळी लावलेल्या. त्यांच्या मुलानं, धुळाप्पानं मोबाइल पुढं केला. तीच खाट, तेच ‘निश्चित’.

“आमालाबी हीच दिलीय वो ताई,” तो काकुळतीला आला.

शिवप्रियानं दोन्ही मोबाइलवरची वेळ ताडून पाहिली. तिनं आणि धुळाप्पानं एकाच क्षणी ‘रिकामी’ वाचलं होतं आणि प्रोग्रॅमनं दोघांनाही होकार दिला होता. तपासताना ती एकटीच बटण दाबत बसली होती, म्हणून हे कधी दिसलंच नाही.

“बाईंना उठवू नगा,” भिंतीला टेकून अप्पा पुटपुटले. “मी हितंच पडतो.”

नर्स शरणम्मांनी व्हरांड्यात स्ट्रेचर ओढलं, ऑक्सिजन लावला. डॉक्टर इंजेक्शन देत असताना शिवप्रियानं फोन लावला.

“कृष्णराज, तो प्रोग्रॅम बंद कर. आत्ताच्या आत्ता.”

“काय झालं, मॅडम?”

“एका खाटेवर दोघं धाडलेत आपण.”

पलीकडून कीबोर्डची टकटक सुरू झाली.

संध्याकाळी अप्पांना सोलापूरला हलवलं. ते वाचले. दवाखान्यात जाऊन शिवप्रिया आणि कृष्णराजनं चूक सांगितली. डॉक्टर नको नको ते बोलले. दोघं मान खाली घालून ऐकत राहिले.

पुढं ती माकणीला गेली. प्रेमाबाई ओसरीवर बसल्या होत्या. प्रोग्रॅम आमचाच होता, असं तिनं सांगितलं. त्यांना त्यातलं काय कळलं कोण जाणे.

“तुमचे वडील बरे हायेत न्हवं?” त्यांनी विचारलं.

“बरे आहेत,” शिवप्रिया म्हणाली. त्यांनी दिलेली चहाची कपबशी हातात तशीच होती. तिनं ती खाली ठेवली.