तीनशे अठ्ठावन्नावा दिवस

त्याचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. पाळी पाचची आणि शीतगृह घरापासून दहा मिनिटांवर. पण उजवा गुडघा वाकता करायलाच पाऊण तास लागायचा. गरम पाण्याचा शेक, तेल, मग भिंतीला धरून वीस बैठका. अर्ध्याच, पण वीस.

शीतगृहात आम्ही त्याला मेजर म्हणायचो. होता तो लष्कराच्या गाडीखान्यातला साधा मेकॅनिक. "मेजर, पलटण लंगडतेय!" असं कोणी ओरडलं की म्हणायचा, "लंगडतेय, पण तुझ्यापुढे आहे." खोटं नव्हतं. एका पाळीत मी दोनशे दहा पेट्या चढवायचो, दोन धड पायांवर. तो दोनशे चाळीस.

गुडघा कसा गेला, ते त्याने एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. गाडीखान्याच्या फाटकावर फलक होता: अपघाताविना किती दिवस गेले. वर्ष भरलं की तुकडीला मानाची ढाल आणि तिथल्या हवालदाराला बढती. या हवालदाराला सगळे वस्ताद म्हणत. तीनशे अठ्ठावन्नाव्या दिवशी गिअरबॉक्स जॅकवरून घसरला आणि मेजरच्या गुडघ्यावर आला. दोघंच होते तिथे. वस्ताद शेजारी बसला.

"सातच दिवस राहिलेत रे. आजपासून तुझी रजा मांडतो. घरी न्हाणीघरात पडलो असं लिही. पुढचं माझ्यावर सोड."

याने लिहून दिलं. स्वतःच्या अक्षरात. तिथली रीतच ती होती. बोटं चेचलेली माणसं गुपचूप रजेवर जायची आणि फलकावरचा आकडा चढत राहायचा.

ढाल आली. वस्तादाला बढती मिळाली. दोन वर्षांनी मेजरला अपात्र ठरवून घरी पाठवलं. दुखापत सेवेमुळे झालेली नाही, सबब अपंगत्वाची पेन्शन नाही, लष्करी इस्पितळही नाही. नोकरी आठच वर्षांची, म्हणून साधी पेन्शनही नाही.

दोन अपिलं कागदावरच फेटाळली गेली. मग लष्करी न्यायाधिकरणात अर्ज केला. वकीलबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. "तुमच्याविरुद्धचा पुरावा तुम्हीच लिहून दिलाय. त्या दिवशी तिथे असलेला माणूस शपथेवर बोलला, तरच काही होईल."

आम्ही दोघं वस्तादाच्या घरी गेलो. तिसरा मजला. त्याने मेजरला दारातच मिठी मारली, जेवल्याशिवाय सोडलं नाही.

"शपथेवर सांगावं लागेल, वस्ताद. लिहायला तुम्ही सांगितलंत, तेही."

"सांगेन की! तू धाकटा भाऊ माझा. विचारतोस काय?"

परतताना मेजर जिने उलटा उतरला, कठडा धरून, एकेक पायरी. तरी हसत होता.

सुनावणीला वस्ताद आला. आमच्या बाकाकडे वळला नाही. सरकारी वकिलामागे जाऊन बसला. शपथ घेऊन म्हणाला, "त्या दिवशी गिअरबॉक्स उतरवलाच नव्हता. हा रजेवर होता. नोंदवही बघा."

बाहेर व्हरांड्यात मेजरने त्याला गाठलं. "वस्ताद, माझ्याकडे बघून बोला."

"माझी पेन्शन अडकवतील रे. या वयात मी कुठे जाऊ? समजून घे."

"तुमची बढती माझ्या गुडघ्यावर. पेन्शन माझ्या गुडघ्यावर. आता समजूनही मीच घेऊ?"

वस्तादाने पाठ फिरवली. मग झपझप जिना उतरून गेला. पाय चांगले होते त्याचे.

अर्ज फेटाळला. निकालाची साडेतीन पानं. त्यात मेजरचं ते जुनं पत्र अख्खं उतरवलेलं. ते पान त्याने दोनदा वाचलं. म्हणाला, "सरकारचं सोड, सरकार मला ओळखत नव्हतं."

वरच्या कोर्टात जाता येईल, असं वकीलबाई म्हणाल्या. एव्हाना त्याच्या पेट्या दीडशेवर आल्या होत्या आणि मुकादम कुरकुरायला लागला होता. साठवलेल्या पैशांत कोर्ट किंवा गुडघ्याचं ऑपरेशन, एकच गोष्ट होणार होती. त्याच्या बायकोने दोन वाक्यांत निकाल लावला.

"कोर्टाला पायऱ्या आहेत. चढणार कशाने?"

शीतगृहात नऊ वर्षं पेट्या उचलून त्याने जे साठवलं होतं, ते एका सकाळी खासगी इस्पितळाच्या खिडकीवर भरलं. लष्करी इस्पितळात जो फुकट बसवायला हवा होता, तो उजवा गुडघा त्यातून आला. धातूचा.