साडूंची तांबडी आणि थापाडी डबी

आमच्या साडूंनी या भूतलावरची एकच गोष्ट न पारखता पदरात घेतली, ती म्हणजे मी. तोही त्यांचा नाइलाज होता. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा ठोकून, चाखून, उन्हात धरून निवडायची सोय आपल्याकडे नाही. ती असती तर मी या घरचा जावई झालो नसतो, हे त्यांनी मला माझ्याच लग्नाच्या पंगतीत, शेजारी बसून, अत्यंत प्रेमानं सांगितलं होतं. "मानूस बरा दिसतोय," माझ्याकडे निरखून ते म्हणाले, "पर दिसण्यावर काय हाय? वापरून बघू." त्यानंतर माझे केस पिकले, निकाल काही अजून लागलेला नाही.

साडू राहतात कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आणि शाहूपुरीत त्यांचं पेंडीचं दुकान आहे. म्हशीला घालायची सरकी पेंड ते गिऱ्हाइकासमोर स्वतः चावून बघतात आणि "ह्या पोत्यात माती हाय, नका घेऊ," असं आपल्याच मालाबद्दल सांगून त्याला परत पाठवतात. चप्पल घ्यायची तर एका पायात एका जोडातली, दुसऱ्या पायात दुसऱ्या जोडातली, अशा थाटात भर बाजारातून फेरी मारून येतात. गादीच्या दुकानात तर एकदा असे पारखत पडले की मालक कुलूप लावून जेवायला निघून गेला, आणि परत आला तेव्हा साडू उठून बसत म्हणाले, "डाव्या अंगाला कापूस कमी हाय." तोंडदेखलं खोटं बोलणं त्यांना येत नाही आणि दुसऱ्याचं खपत नाही. लग्नात यजमान हात जोडून "जेवण कसं झालं?" विचारतात, तेव्हा सगळं जग "झकास!" म्हणतं. साडू म्हणतात, "पांढरा रस्सा चांगला, तांबडा पातळ, आणि नवरदेव जरा चिडका वाटला." पेठेत लोक त्यांना भितात आणि नवी मोटर घेवोत की नवं स्थळ, आधी त्यांनाच दाखवतात.

याचं मूळ त्यांच्या वडिलांच्या गोठ्यात आहे. बाजारात म्हैस आणणारा बेरकी असला तर आदल्या वेळची धार काढतच नाही. कास तुंबून टम्म दिसते आणि घेणारा फसतो. म्हणून साडूंच्या आबांनी घरात कायदाच करून ठेवला होता. पहिली धार विकणाऱ्याची, दुसरी आपल्या हावेची, तिसरी म्हशीची. तिसऱ्या धारेला जे निघेल ते खरं. साडूंनी हा कायदा गादीला लावला, जावयांना लावला आणि शेवटी मोटारीला लावला, त्याचीच ही हकीकत.

साडूंची लाल डिझेल गाडी पेठेत 'तांबडी' म्हणून ओळखली जाते. दोन्ही लेकी जन्मल्यावर याच गाडीतून घरी आल्या. आक्का, म्हणजे साडूंची बायको आणि माझी थोरली मेव्हणी, याच गाडीवर चालवायला शिकल्या, तेही एकही खोटी शाबासकी न मिळता. तरुणपणी तांबडीचा टर्बो चढावर अशी शीळ घालायचा की पुढची एसटी बाजूला व्हायची. पण आता ती पन्हाळ्याच्या घाटात धापा टाकते. दोघी बहिणींचं माहेर पन्हाळ्याच्या पलीकडे, त्यामुळे घाट चुकत नाही. एसी बंद करून, काचा उघडून, दुसऱ्या गिअरात कण्हत जावं लागतं. शेवटी आक्का कडाडल्या, तेही कोल्हापुरी बायकांच्या रिवाजानं, पुल्लिंगी दणक्यात, "माहेरच्या दारात मी घामानं चिंब हून उतरतो! लोकांस्नी वाटतंय चालत आलो! रविवारी गिऱ्हाईक बोलावलंय. त्याच्या आत एसी लावून, सगळ्यास्नी घेऊन घाट चढली तर ठेवा. न्हाईतर द्या तिला."

साडूंचा चेहरा असा पडला, जणू आक्कांनी त्यांनाच बाजारात उभं केलं होतं.

दुसऱ्याच दिवशी ते मला घेऊन ओळखीच्या मेकॅनिककडे गेले. त्यानं तळहाताएवढी काळी डबी काढली. इंजिनाला जोडली की ताकद वाढते, म्हणाला. साडूंनी विचारलं, "कशी वाढती?"

"काका, ही गाडीच्या कॉम्प्युटरला सांगती की डिझेलचा दाब कमी पडलाय. मग त्यो जास्त डिझेल सोडतोय. टर्बो बी जोर धरतोय."

"पर दाब खरंच कमी असतोय व्हय?"

"न्हाय ओ."

"म्हंजे थापा मारती."

मेकॅनिकनं डोकं खाजवलं. "तसंच म्हणा की."

एरवी साडूंनी ती डबी विंचवासारखी झटकली असती. पण रविवार जवळ आला होता. त्यांनी डबी खिशात घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वापरून बघू."

पहिल्या धारेला चालवायला साडू, शेजारी मी. पंचगंगेचा पूल ओलांडून त्यांनी पाय दाबला मात्र, तांबडीनं अशी उसळी घेतली की माझा चष्मा कपाळावर गेला. शीळ परत आली! साडू तालमीतल्या पोरासारखे खदाखदा हसले, मग एकदम सावरून, मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "ही धार विकणाऱ्याची." दुसऱ्या वेळी त्यांना स्वतःच्याच पायाचा संशय आला. पाय हौसेनं जास्त दाबतोय, म्हणून त्यांनी पेडलखाली पेंडीचा टणक तुकडा ठेवला, की ठरल्यापेक्षा खाली जायला नको. घाटाच्या तोंडाशी, वाघबिळाच्या पुढे पोचेपर्यंत त्या तुकड्याचा चुरा झाला होता. "ही हावेची," तळव्याची पेंड झाडत ते खिन्नपणे म्हणाले.

तिसऱ्या धारेला आक्का. त्यांना डबीचा पत्ताच नव्हता. मलाही साडूंनी बजावलं, "बॉनेटमध्ये हात घाल. डबी जोड न्हाईतर काढ, मला सांगू नको." आणि पाठ करून उभे राहिले. परीक्षकानंच पाठ फिरवल्यावर मी काय करणार? मला तांबडी हवी होती. मी जोडली.

शनिवारी आम्ही दोन्ही जोडपी निघालो. एसी चालू, काचा बंद. साडू डोळे मिटून बसलेले. शेवटचं वळण आलं, माझ्या बायकोनं माझा दंड धरला आणि तांबडी शीळ घालत, ऐटीत वर गेली.

"चढली की ओ!" आक्का ओरडल्या. "नुसती गार हवा! ऱ्हाऊ दे मग. गिऱ्हाइकाला नको म्हणून सांगतो."

साडू जिंकले होते. गप्प बसायचं, एवढंच काम उरलं होतं. गडावर झुणका-भाकरी मागवली. साडू ताटाला हात लावेनात. मग म्हणाले, "साडू, डबी लावलीवतीस न्हवं?"

मी झुणक्याकडे बघत म्हणालो, "हो."

ते उठले, बॉनेट उघडून डबी उपसली आणि आक्कांच्या ताटाशेजारी ठेवली. "अगं, ती चढली न्हाय. हिनं थापा मारून चढवली. म्हशीला सुई टोचून काढलेलं दूध हाय हे. आबांनी तसलं दूध कधी घरात घेतलं न्हाय. उद्या दिऊन टाकू म्हातारीला."

माझी बायको माझ्या कानात पुटपुटली, "ह्यांना कुणी विचारलं होतं?" आक्कांनी नवऱ्याकडे बघितलं आणि त्याची न खाल्लेली भाकरी रुमालात बांधून घेतली.

रविवारी गिऱ्हाईक आलं. साडूंनी त्याला गाडीचे सगळे अवगुण पाठ म्हणून दाखवले. धूर येतो, क्लच ओढतो, घाटात दम लागतो, उंदरानं एकदा वायर खाल्ली होती. पाहुणा पळेल असं मला वाटलं, तर तो खूश! "मालक, एवढं खरं बोलणारा मानूस गावत न्हाय. गाडी घेतली म्हनून समजा!"

साडूंनी तांबडीच्या टपावर हात ठेवला. तेवढ्यात आक्का चहा घेऊन आल्या आणि पाहुण्याला कप देत म्हणाल्या, "आनि बिरेक बी लागत न्हाईत की. त्ये सांगितलं न्हाय व्हय ह्यांनी?"

पाहुण्याचा कप वाटेतच थांबला. तांबडीचे ब्रेक साडू दर आठवड्याला स्वतः तपासतात. माझ्यासमोर त्यांनी मंत्र्याचं खोटं खोडलंय, पुजाऱ्याचं खोडलंय, सासऱ्यांचं तर भर मांडवात. त्यांचं तोंड उघडलं.

"खरं व्हय, मालक?" पाहुण्यानं विचारलं.

साडूंनी आक्कांकडे बघितलं. आक्का बशा गोळा करत होत्या. साडूंनी तोंड मिटलं, बशीतल्या चहावर फुंकर घातली आणि हळूच म्हणाले, "तिलाच जास्त म्हाईत. चालवती तीच."

पाहुणा गाडी न घेताच गेला. मग साडू म्हणाले, "बिरेक लागत्यात की गं."

"ठाव हाय," आक्का म्हणाल्या.

डबी मेकॅनिककडे परत गेली. तांबडी आजही आम्हाला घेऊन घाट चढते. चढ लागला की आक्का कुणी न सांगता एसी बंद करतात आणि काचा उघडतात. शेवटच्या वळणावर तांबडी धापा टाकायला लागली की आम्ही सगळे जागच्या जागी थोडे पुढे वाकतो, जणू त्यानं तिला हातभार लागणार आहे. त्यानं काही होत नाही, हे कळायला तिन्ही धारा काढायची गरज नाही. तरी मी मागच्या सीटवरून बघत असतो. सगळ्यांत पुढे साडू वाकलेले असतात.