पांढऱ्या कडेची वही

"कुठी अडखळलं?"

हा प्रश्न आमचे चित्रकलेचे गुरुजी दिवसातून हजार वेळा विचारत. हजार म्हणजे मी कमीच सांगतो आहे. आधी उजवा अंगठा पँटला पुसायचा, मग छोट्या वहीची कड दाबून पानं फर्रकन सोडायची. पानापानावरचं चित्र केसभर बदललेलं असे, त्यामुळे वहीतला बैल चालू लागे, बगळा उडू लागे. शेवटचं पान पडलं की गुरुजींच्या भुवया वर. "बोल ना बे, कुठी अडखळलं?"

ऐंशी सालानंतरची गोष्ट. सिंदेवाहीच्या पुढे, तलावाकाठचं आमचं गाव. टीव्ही अजून आला नव्हता. पण गुरुजींची लोखंडी पेटी होती आणि त्या पेटीत जुन्या विद्यार्थ्यांच्या दीडशे हलत्या वह्या होत्या. परीक्षेच्या उरलेल्या कोऱ्या कागदांचे तुकडे आमच्या घरच्या मासेमारीच्या जाळ्याच्या दोऱ्याने शिवलेले. किती पोरांचे अंगठे लागले होते कोण जाणे, वह्यांच्या कडा तव्याच्या बुडासारख्या काळ्या.

गुरुजींचा नियम एकच. आधी जुन्या वीस वह्या पाहायच्या, प्रत्येकीतली चूक शोधायची, मगच स्वतःच्या वहीसाठी कोरा कागद मिळायचा. कागदासाठी पोरं रडत, पण गुरुजी बधत नसत. "ज्यानं काढली त्याचा अर्धा साल गेला. तू अर्धा घंटा तरी पाह्य."

त्या वह्यांतून काय काय पाहिलं म्हणून सांगू! एका वाघाला उडी मारताना पाचवा पाय फुटायचा. एक एसटी पुढे जायची आणि तिची चाकं मागे फिरायची. गुरुजी गंभीरपणे म्हणत, "ड्रायव्हर सिंदेवाहीले चालला, चाकं ब्रह्मपुरीले वापस." गुरुजी स्वतः ब्रह्मपुरीकडचे, त्यामुळे चाकांची बाजू घेत. पण वही काढणाऱ्याला ते कधी हसले नाहीत. चूक दाखवणं म्हणजे त्यांच्या लेखी पाहुणचारच होता. चूक काढलीच नाही, तर कागद फुकट गेला म्हणत.

मी चुका शोधण्यात इतका पटाईत झालो की पेटी उघडायच्या आधीच मला आतली चूक वासाने कळायची. विश्वास ठेवू नका, पण खरं आहे.

एकदा मासे कसे मारतात ते बघायला गुरुजी रविवारी तलावावर आले. माझ्या बाबांनी फेकायचं जाळं त्यांच्या हातात दिलं. गुरुजींनी ते फेकलं आणि जाळ्याबरोबर स्वतःही गेले. तलावातले निम्मे मासे त्या दिवशी हसून मेले, उरलेले आम्ही पकडले. बाबा त्यांना बाहेर काढत म्हणाले, "गुरुजी, तुमी मागं पाह्यलं. जाळं हवेत असलं का मान फिरवाची नाई. घरून हाक येवो, नाईतर वाघ येवो."

गुरुजींनी ओल्या खिशातून पेन्सिल काढून ते लिहून घेतलं. पोरासारखं.

पुढच्या पावसाळ्यात बाबा तापाने गेले. चार दिवसांत.

मी शाळेत परतलो आणि गुरुजींकडे कागद मागितला. या वेळी त्यांनी वीस वह्या पाहायला लावल्या नाहीत. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. चौसष्ट पानांत मी बाबांना काढलं. बाबा पाण्यात कमरेएवढे उभे, हात मागे जातो, जाळं सुटतं, उमलतं, आणि बाबा वळून पाहतात. शेवटच्या पानावर त्यांचा चेहरा आपल्यासमोर.

गुरुजींनी वर्गासमोर वहीची पानं तीनदा फर्रकन सोडली. मी पाणी पिऊन आलो आणि छाती काढून विचारलं, "गुरुजी, कुठी अडखळलं?"

"कुठीच नाई," गुरुजी म्हणाले. आणि वही पेटीत ठेवली.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? अहो, दीडशे वह्यांत बिनचूक ठरलेली ती एकटी! पुढची चार वर्षं मी हे अर्ध्या जिल्ह्याला सांगितलं. सिंदेवाहीच्या चहावाल्याला तर इतकं सांगितलं की मी दिसलो की तोच म्हणे, "हो हो, तुह्या वहीवर पोरं शिकून राह्यले, माहीत हाय."

मग नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात मुलाखत. जागा एक आणि मी एक, असाच माझा हिशेब. तिथे मी तेच चित्र सहा चौकटींत काढून दिलं. परीक्षकांतले एक म्हातारे सर बराच वेळ बघत राहिले.

"यात काही खटकतं का तुला?"

"नाही सर. आमच्या गुरुजींनी तपासलं आहे."

"जाळं हवेत आहे आणि हा मागे काय पाहतो? अर्जात लिहिलंयस, मासे मारणाऱ्याच्या घरचा ना तू?"

माझ्या पायाखालची फरशी थेट वैनगंगेपर्यंत वाहत गेली. मला ठाऊक होतं. बाबांचा शब्द न् शब्द ठाऊक होता. तरी चार वर्षं दिसलं नव्हतं. यादीत माझं नाव लागलं नाही.

एसटीतून उतरलो तो तडक शाळेत. गुरुजींना काय काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. पण दोन महिन्यांपूर्वीच त्यांची सिरोंच्याकडे बदली झाली होती. माझा वर्गमित्र वासुदेव आता शाळेत शिपाई होता. त्याने पेटी उघडून दिली.

माझी वही सगळ्यांत खाली होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. बाकी साऱ्या काळ्या कडांच्या. माझी कड पांढरी शुभ्र. चार वर्षांत एकाही पोराचा अंगठा तिला लागला नव्हता.

"वासुदेव, तुले माहीत होतं?"

"साऱ्या वर्गाले माहीत होतं. या गावात जाळं कोणाले समजत नाई?"

"मंग बोलला काऊन नाई बे?"

तो कुलूप चाळवत राहिला. "तू पाणी प्याले गेलता. गुरुजी म्हणाले, कोणी तोंड उघडाचं नाई. त्याचा बाप त्याच्याकडं पाहून राह्यला. पाहू द्या."

चाळीस पोरं आणि एक मास्तर, सगळे फितूर! वाघाच्या पाचव्या पायाला सोडलं नाही, एसटीच्या चाकांना सोडलं नाही, आणि मला सोडलं. साऱ्यांना शिकवलं, मला तेवढं सांभाळलं. सांभाळा म्हणून मी अर्ज केला होता का? गुरुजींनी त्या दिवशी एवढंच विचारलं असतं, "कुठी अडखळलं?", तर मी रडलो असतो, पण मला दिसलं असतं.

सिरोंच्याला पत्र टाकलं. त्यात शिव्याच होत्या, सभ्य भाषेतल्या. उत्तर आलं नाही. पुढे कळलं, गुरुजी तिकडेच आजारी पडून गेले. सामानात त्यांची एक नवी पेटी निघाली म्हणे, तिकडच्या पोरांच्या वह्यांची.

वही मी घरी आणली. शेवटची सोळा पानं खोडायची आणि बाबांची मान पाण्याकडे फिरवायची, म्हणून खोडरबर घेऊन कितीदा बसलो. आधी एकदा पानं सोडून पाहू म्हणतो, सोडतो, बाबा वळतात.

आता तिचीही कड काळी झाली आहे. एकाच अंगठ्याने.