डोळे मिटले की काळोख

हमरापूरच्या आमच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी माझ्याकडे असायची. लोक म्हणायचे, याच्या मनात देव आहे. कसला देव! मनात काहीच नसायचं. हाताला वळण पडलं होतं, तो आपला चालायचा.

आई वारली तेव्हा घरात तिचा एकही फोटो नव्हता. तेराव्याला भिंतीवर काय लावायचं? वडील म्हणाले, एवढे देव रंगवतोस, आईला काढ. कागद घेऊन बसलो, डोळे मिटले, आणि नुसता काळोख. तिचा आवाज, तिची चिडचिड, शाडूच्या मातीच्या धुळीने तिला सर्दी व्हायची हेसुद्धा आठवत होतं. चेहरा मात्र येईना. ‘माणूस डोळ्यांसमोर उभं राहतं’ ही मला बोलायची पद्धत वाटायची. रोह्याहून आलेल्या मोठ्या बहिणीला विचारलं, डोळे मिटल्यावर तुला आई खरंच दिसते का? ती माझ्याकडे बघतच राहिली.

“चुलीपाशी बसलेली दिसते की. तुला नाय दिसत?”

मला स्वतःचीच लाज वाटली. मग ती सांगत गेली, मी काढत गेलो. नाक जमलं, हनुवटीवरचा तीळ जमला. डोळ्यांशी आलो आणि हात आपल्या वळणावर गेला. आईचे डोळे बारीक, सतत काहीतरी शोधणारे, असं बहीण सांगत होती. कागदावर उतरले ते लांबट, अर्धवट मिटलेले, शांत. तीनदा खोडले, तीनदा तेच आले. वडिलांनी चित्र हातात घेतलं.

“ही तुझी आय नाय,” ते म्हणाले. तरी खिळा त्यांनीच ठोकला, कारण दुसरं काहीच नव्हतं.

वडील गेल्यावर बहिणीने ते चित्र रोह्याला नेलं. पुढे कितीतरी वर्षांनी भाचीने मोबाइलवर वाचून दाखवलं की काही माणसांच्या मेंदूत चित्रं उमटतच नाहीत. यावर औषध नाही. मी म्हटलं, असू दे. निदान बहिणीला तरी आई दिसते.

गेल्या दिवाळीत मी बहिणीकडे गेलो आणि म्हणालो, आईचे डोळे पुन्हा एकदा सांग. तिने डोळे मिटले.

“आता भिंतीवरची बाईच येते रे डोळ्यांम्होरं,” ती म्हणाली. “आय नाय येत.”

जिला एकटीला आई दिसत होती, तिच्या मनातूनही मीच आईला पुसून टाकलं होतं.