साहेबाच्या पेल्यातला बिल्ला

तिला सगळे काजेवालीच म्हणत. शिवणाच्या कारखान्यात एकवीस वर्षं शर्टांना काजं केली. खरं नाव हजेरीपुस्तकात पडून राहिलं. तुरुंगातही तिला शिवणाच्याच खोलीत बसवलं होतं. भेटीला थोरला भाऊ आला, तेव्हा ती अंगावरचे धागे झटकतच जाळीशी आली.

दादा त्याच कारखान्यात मुकादम. वरच्या खिशातून त्यानं घडीचा कागद काढला, फटीतून आत सरकवला. घामानं मऊ पडलेला.

"माफीनामा आहे. सही ठोक, सोमवारच्या तारखेला सुटशील. साहेब तक्रार मागं घेतोय. देवमाणूस आहे गं."

देवमाणूस!

कारखान्यात एकशे ऐंशी बायका, आणि संडासाला जायचे बिल्ले दोन. लाकडी, दोरीत ओवलेले, मुकादमाच्या टेबलाशी खिळ्याला टांगलेले. बिल्ला हातात असेल तरच जागेवरून उठायचं. दिवसभर ह्या ओल्या हातातून त्या ओल्या हातात. लाकूड काळं पडलेलं, दोरी बुळबुळीत, आणि वास असा की डबा खाताना घास तोंडाशी नेववत नसे. बायकांनी पाणी पिणंच सोडलं. काजेवालीनं दोन वर्षं सह्या गोळा करून अर्ज दिले. साहेबानं त्या अर्जांवर चहाचा कप ठेवला.

मग एक दिवस सात महिन्यांच्या पोटुशीला वेळेवर बिल्ला मिळाला नाही. बिचारी मशीनवरच ओली झाली. साहेबानं सगळ्यांदेखत तिलाच फरशी पुसायला लावली. काजेवाली उठली, खिळ्यावरचा बिल्ला काढून साहेबाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवला.

"घ्या. एक घोट घेऊन दाखवा."

घेतोय कशाला तो! खटला मात्र लागला, पाण्यात विष कालवून मारायला निघाल्याचा. बिल्ला पुरावा म्हणून मोहरबंद पिशवीत गेला.

"साहेबाच्या पेल्यात पडला तर विष," ती म्हणाली, "आणि आमच्या हातात होता तेव्हा काय रे, गुलाबाचं फूल?"

"तोंड आवर. आधी वाच."

तिनं वाचलं. 'बिल्ले स्वच्छ होते. बायकांना काही त्रास नव्हता. मीच त्यांना भडकवलं.'

"स्वच्छ होते, तर मी आत कशाला बसलेय?"

दादानं कान खाजवला. "ते वकिलांचं त्यांना ठाऊक. अगं, आता नवे केलेत, प्लॅस्टिकचे. धुता येतात!" त्यानं कौतुकानं वरच्या खिशातून एक काढून दाखवला. दोरी जुनीच होती. "आणि तुझ्या लेकीलाही चिकटवलीय. सोमवारपासून काजांवर."

"तिला बिल्ला कोण देणार?"

"मीच की. घरचा माणूस!"

सख्खा मामा. तिनं बोटं नाकाशी नेली. कागदाला तोच वास होता.

नखानं ढकलत ढकलत तिनं तो फटीतून परत लोटला.

"पोरीला सांग, सोमवारी कारखान्यात नाही, कोर्टात यायचं. ती पिशवी उघडतील तेव्हा पुढच्या बाकावर बसायचं."

"अगं, आणि ह्या कागदाचं काय करू?"

"ठेव परत खिशात. बिल्ल्याला सोबत."

मग ती दाराशी उभ्या असलेल्या पहारेकरणीकडं वळली. "बाई, जरा साबण द्या. हात धुवायचेत."