आधी मंडळी, मग गॅस

राहुरीच्या स्टँडवर एसटी लागली, तेव्हा आईने खिडकीतून शेवग्याच्या शेंगांची पिशवी आत सरकवली आणि म्हणाली, "आधी मंडळी शोध. गॅसचं मागून बघ." पप्पा ड्रायव्हरला उगाच रस्त्याबद्दल विचारत होते. रडू लपवायची त्यांची ती पद्धत.

मंडळी म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या चर्चची माणसं. आमच्या गावात रविवारी कुणी उपासनेला दिसलं नाही की शेवटची प्रार्थना झाल्याबरोबर दोन-चार बायका थेट त्याच्या घरी जातात. ताप असो नाहीतर रुसवा, विचारायला जायचंच. पप्पा एकदा कांद्याच्या गडबडीत शेतावर राहिले, तर बायका बांधावर हजर. पप्पांनी मुकाट हात धुऊन त्यांच्यासोबत प्रार्थना केली.

मीरा रोडला, सिल्व्हर पार्कमध्ये आल्यावर गॅस लगेच मिळाला. मंडळी मिळेना. गंमत म्हणजे माझं कामच ते. ज्या पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, चर्चमध्ये माणसं येईनाशी झालीत, त्यांना नव्या तऱ्हेने मंडळी जमवायला मी मदत करते. कुणाच्या फ्लॅटमध्ये, कुणाच्या टेलरिंगच्या दुकानात, सुट्टी असेल त्या वारी. त्यामुळे माझा प्रत्येक रविवार वेगळ्या ठिकाणी. दाराजवळची खुर्ची घ्यायची, बघायचं, सुचवायचं, चहा पिऊन निघायचं.

"तुझी मंडळी कुठली गं?" आई फोनवर विचारायची.

"सगळ्याच."

"सगळ्याच म्हणजे कुठलीच न्हाई," असं म्हणून ती वांग्यांच्या भावावर यायची. मला ते लागायचं, कारण ते खरं होतं.

त्याच सुमारास जवळच्याच गोडदेवचे एक पाळकसाहेब भेटले. भला माणूस, पण पार खचलेला. "मॅडम, रविवारी सगळ्यांना ड्युटी. कोण हॉस्पिटलात, कोण मॉलच्या गेटवर. मी काय खुर्च्यांना उपदेश करू?" म्हटलं, माणसं येत नसतील तर आपण जाऊ. त्यांच्या मंडळीतल्या शालिनीताई नर्स आहेत, माझ्या शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. त्यांना आणि मंडळीतल्या आणखी पाच-सहा जणांना बुधवारी सुट्टी असते. त्यांच्याच घरी बुधवार ठरला.

पाळकसाहेब आले ते रिक्षात उपदेशाचा लाकडी स्टँड आडवा घालून. वन बीएचकेच्या हॉलमध्ये त्यांनी खुर्च्यांच्या रांगा लावल्या, अंगात पांढरा झगा चढवला आणि स्वयंपाकघराच्या दारात स्टँड रोवून उभे राहिले. उपदेशाचे कागद उडतील म्हणून पंखा बंद. आवाज मात्र मोठ्या चर्चचा, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. उपदेश रंगात आला तोच बेल वाजली. समोरच्या गुजराती काकी घाबऱ्याघुबऱ्या उभ्या होत्या. "शालिनीबेन, सब ठीक है ना? कोई ऑफ तो नहीं हो गया?"

कुणी वारलं की काय, असं त्यांना वाटलं होतं. सगळे हसले. पाळकसाहेबांचा चेहरा पडला. जिना उतरताना मी सहज विचारलं, "गावी कुणाच्या घरी गेलात की कुठं बसायचात?"

"चुलीपाशी. दुसरं कुठं?" ते म्हणाले, आणि हातातल्या स्टँडकडे बघत राहिले.

पुढच्या बुधवारी स्टँड नव्हता, झगा नव्हता. शालिनीताई जमिनीवर मटार सोलत बसल्या होत्या. पाळकसाहेब समोर मांडी घालून बसले, एक मूठ शेंगा ओढून घेतल्या आणि सोलता सोलता येशूने सांगितलेली हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगू लागले, नव्व्याण्णव मागे ठेवून त्या एकाला शोधायला निघणाऱ्या मेंढपाळाची. मध्येच शालिनीताई म्हणाल्या, "आमच्या वॉर्डात पण असा एक पेशंट हाय." मग त्याची गोष्ट झाली, त्याच्यासाठी प्रार्थना झाली. काकींनी ढोकळा आणून दिला. मी दाराजवळच्या खुर्चीतून हे सगळं समाधानाने बघत होते. दर बुधवारी बघायचे, चहा प्यायचे, निघायचे.

मग एका बुधवारी मला ताप आला. कुणाला कळवलं नाही. मी थोडीच त्यांच्यातली होते, मी तर कामासाठी जाणारी.

संध्याकाळी बेल वाजली. दारात शालिनीताई थर्मामीटर घेऊन उभ्या, मागे बुधवारची बाकीची सगळी, आणि सर्वांत शेवटी पाळकसाहेब, हातात मटारची पिशवी. "तुम्ही दिसला नाहीत," ते म्हणाले. बस, एवढंच. मला एकदम भरून आलं. मी तापावर ढकललं.

सगळे माझ्या पलंगाभोवती जमिनीवर बसले आणि गाणं सुरू झालं. तेवढ्यात आईचा फोन.

"गाणं कुठलं गं? कुठल्या चर्चात हायेस?"

"घरीच आहे. ताप आलाय, म्हणून विचारायला आलेत."

"कोण आलेत?"

"माझी मंडळी."

पलीकडे आईने पप्पांना हाक मारली. पप्पांनाही ऐकू जावं म्हणून तिने स्पीकर लावल्याचं मला कळलं. पप्पांनी लगेच विचारलं, रस्ता सापडला का त्यांना नीट?

गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, आपण दिसलो नाही हे जिथं कुणाच्या लक्षात येतं, त्याला मी आता घर म्हणते. गावचं घर तर आहेच, आता इथलंही झालंय.

"मग फोन ठेव," आई म्हणाली, "आणि चहा टाक त्यांना."

पण मला उठू कोण देतंय? पाळकसाहेब केव्हाच स्वयंपाकघरात शिरले होते आणि तिथून विचारत होते, "मॅडम, तुमचा हा गॅस पेटतो कसा?"