इंजिनाला विटाळ

"गो, तू बाहेरची आसस काय?"

खोतांनी हे मला विचारलं ते गिरणीच्या दारात. भाताची पोती घेऊन आलेली सगळी माणसं समोर उभी. बहुतेक बाप्ये.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारात खोतांची भात भरडायची गिरण होती. मी सोळा-सतरा वर्षांची, शाळा चौथीपर्यंत. कोंडा झाडायचा आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पिंपात विहिरीचं पाणी ओतायचं, हे माझं काम. दसरा नुकताच झाला होता. इंजिन कण्हायला लागलं, मग खट्ट करून थांबलं. चाक हाताने फिरेना.

पिंप भरलेलं होतं. खोतांनी तेल मोजायची पट्टी काढून पाहिली, तेल खुणेपर्यंत. पाणी पुरं, तेल पुरं. मग उरला विटाळ.

मी बाहेरची नव्हते, पाळी यायला अवकाश होता. पण ते तोंडाने सांगायचं कसं? माझ्या अंगाची गोष्ट, आणि वाडीतले लोक कान देऊन उभे. मी मान खाली घातली.

"इंजिनाक पण कळता रे!" कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. काय करावं सुचेना, म्हणून मीही थोडी हसले. त्या हसण्याची लाज मला प्रश्नापेक्षा जास्त वाटते.

मालवणहून मेस्त्री आला. लाँचींची इंजिनं दुरुस्त करणारा. त्याने बाजूचं झाकण काढलं. आतलं बेरिंग वितळून फिरत्या दांड्याला चिकटलं होतं. दांडा तापून निळा पडला होता.

"ह्यां तेलाबगर चललां," मेस्त्री म्हणाला.

"तेल भरलेलां आसा!" खोत तडकले.

"आसा. पण वर पोचूक नाय."

तळात तेल गाळून वर सोडणारी जाळी असते, ती त्याने काढली. काळी, चिकट. नखाने खरवडली. झेंडूच्या पाकळ्या निघाल्या. अक्षता निघाल्या.

दसऱ्याच्या पूजेत खोतांनी तेलाचं झाकण उघडून फुलं आत वाहिली होती. देवाला घास द्यावा तशी. सगळ्यांनी पाहिलं होतं. मीही, बाहेरून. विटाळ नको म्हणून त्या दिवशी मला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं.

खोतांनी त्या पाकळ्या हातात घेतल्या. मग म्हणाले, "देवाची फुलां वायट करूची नाय. विटाळ झालो म्हणान ती अडाकली." आणि माझ्याकडे वळून, "उद्या नारळ घेवन देवळात ये. तुझ्या नावान गाऱ्हाणां घालूया. मगे कामाक ये."

मेस्त्री हात पुसत राहिला.

घरी आईने नारळ काढून ठेवला. "दी गो. कामां काय वाटेर पडली आसत?"

मी गेले. खोत पायरीवर उभे होते, गाऱ्हाणं घालून देवाची माफी मागणारा गुरव शेजारी. दोघांनी हात पुढे केले. मी नारळ दिला नाही.

"मी बाहेरची नव्हतंय," मी म्हटलं. आवाज चिरकला. "आणि आसलंय तरी तुमका सांगूचंय नाय. फुलां जेणी घातली, तेणी नारळ देवचो."

काम गेलं. आईने त्याच नारळाची कढी केली आणि माझ्याशी बोलली नाही.

आता मी आजी आहे, घरात नाती आहेत. गावात पूजा असली की अजून कोणीतरी बायांना दारातच विचारतं. मी मान खाली घालून हसले होते, त्याची लाज जात नाही. जाऊही नये. ती गेली तर उद्या मीच विचारायला लागेन.

माझ्या दारात कुठल्याही मुलीला हे विचारायचं नाही. विचारील त्याने पायरी उतरायची. मग तो गावचा देव का असेना.